इंग्रजीत स्वतःची ओळख करून देणं आणि नवीन लोकांशी गप्पा मारणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन ऑफिस, नवीन क्लास, प्रवास, ऑनलाईन कॉल, कुठेही अनोळखी माणूस भेटला आणि बोलणं इंग्रजीत करायचं असलं की जे प्रश्न पडतात ते इथे एकत्र केलेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिलीत, म्हणजे वाचता वाचता मोठ्याने म्हणून बघता येतील (आणि म्हणाच, नुसतं डोळ्यांनी वाचून बोलणं येत नाही). क्रमाने वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तिथून सुरू करा.

ओळख करून द्यायची म्हणजे नेमकं किती बोलायचं?

खूप कमी. हे सगळ्यात आधी सांगते कारण बहुतेकांचं इथेच अडतं. शाळेत आपल्याकडून स्वतःवर दहा ओळी पाठ करून घेतलेल्या असतात, नाव, वय, शाळा, वडील काय करतात, आई काय करते, छंद, मोठेपणी काय व्हायचंय, आणि मग पुढे कुणीही भेटलं की तेच सगळं क्रमाने बाहेर यायला लागतं आणि समोरचा नुसता मान हलवत उभा राहतो कारण त्याला मध्ये बोलायला जागाच मिळत नाही.

खऱ्या भेटीत तीन गोष्टी पुरतात: तुमचं नाव, तुम्ही इथे कशासाठी किंवा काय करता, आणि एखादी बारीकशी गोष्ट जिच्यावरून समोरच्याला पुढे काहीतरी विचारता येईल. उदाहरणार्थ, "हाय, आय ॲम नेहा. आय जस्ट जॉइन्ड द डिझाइन टीम, सो आय ॲम स्टिल लर्निंग एव्हरीवन्स नेम्स." एवढंच. यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं, त्याच्यावरून समोरचा लगेच म्हणेल की ओह, कधी जॉइन झालीस, कसं वाटतंय. आणि तो नाही म्हणाला तर तुम्हीच विचारा, "हाउ अबाउट यू?" ओळख म्हणजे समोरच्याच्या हातात दिलेलं धाग्याचं टोक आहे, त्याने ते ओढलं की बोलणं आपोआप सुटत जातं. खालची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

माझं इंग्रजी कच्चं आहे, आधी ग्रामर पक्कं करू आणि मग बोलायला लागू का?

अजिबात नको. कौन्सिल ऑफ युरोपने 2001 मध्ये भाषेच्या पातळ्यांची एक चौकट प्रसिद्ध केली, तिला सीईएफआर म्हणतात, त्यात ए1 पासून सी2 पर्यंत सहा पातळ्या आहेत. स्वतःची आणि दुसऱ्याची ओळख करून देणं, कुठे राहतो, कुणाला ओळखतो असे प्रश्न विचारणं आणि त्यांची उत्तरं देणं हे सगळं अगदी पहिल्या, म्हणजे ए1 पातळीतच धरलंय. शिवाय तिथे हेही गृहीत धरलंय की समोरचा माणूस हळू आणि स्पष्ट बोलेल आणि मदत करायला तयार असेल. म्हणजे सुरुवातीच्या पातळीवर संवादाचा अर्धा भार समोरच्यावर असतो, सगळा तुमच्या एकट्याच्या डोक्यावर नसतो.

"मायसेल्फ नेहा" म्हटलं तर चालतं का?

नाही, ही सवय मोडाच. "मायसेल्फ" हा शब्द वाक्यात एकटा कर्ता म्हणून येत नाही, "आय इंट्रोड्यूस्ड मायसेल्फ" असा क्रियापदाच्या मागून येतो. "आय ॲम नेहा" म्हणा, बोलताना ते "आयम नेहा" असं जोडून येतं. थोडं औपचारिक हवं असेल तर "माय नेम इज नेहा". फोनवर मात्र "धिस इज नेहा" म्हणतात, तिथे "आय ॲम नेहा" जरा वेगळं वाटतं.

"हाउ आर यू?" विचारलं की काय उत्तर द्यायचं? खरंच तब्येत सांगायची का?

नाही नाही. आपण "काय म्हणता, कसं काय" विचारतो तेव्हा तरी आपल्याला कुठे सविस्तर उत्तर हवं असतं. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 मध्ये अशा बोलण्याला "फॅटिक कम्युनियन" असं नाव दिलं, म्हणजे माहिती द्यायला नाही तर माणसं जोडलेली राहावीत म्हणून केलेलं बोलणं. म्हणून उत्तर छोटं आणि लगेच परत प्रश्न: "गुड, थँक्स. हाउ आर यू?" किंवा "प्रिटी गुड, यू?" "आय ॲम फाइन, थँक यू" यात चूक काही नाही, फक्त पाठ केल्यासारखं सपाट आवाजात म्हणू नका, कोरडं वाटतं.

"व्हॉट्स अप?" ला "नॉट मच, यू?" पुरतं. "हाउ डू यू डू?" आता फारसं ऐकू येत नाही, पण कुणी जुन्या पद्धतीचं भेटलंच तर उत्तर "फाइन" नसतं, परत "हाउ डू यू डू?" असंच म्हणायचं असतं.

"नाइस टू मीट यू" आणि "नाइस टू सी यू" यात फरक काय?

पहिल्यांदा भेटताना "नाइस टू मीट यू". आधी भेट झालेली असेल तर "नाइस टू सी यू". निघताना, पहिल्याच भेटीत, "नाइस मीटिंग यू" किंवा "इट वॉज नाइस मीटिंग यू". समोरच्याने आधी म्हटलं तर "नाइस टू मीट यू टू", शेवटचा "टू" थोडा जोर देऊन.

माझं नाव कुणालाच नीट कळत नाही, मग मी काहीतरी सोपं नाव सांगू का?

तुम्हाला स्वतःला आवडत असेल तरच. नाहीतर आपलं नाव आहे तसं ठेवा आणि ते सांगायची पद्धत सुधारा. आपण स्वतःचं नाव लाखो वेळा उच्चारलेलं असतं म्हणून ते सगळ्यात भरभर बोलतो, आणि समोरच्याच्या कानावर ते आयुष्यात पहिल्यांदा पडत असतं. त्यात इंग्रजीमध्ये ळ आणि ण नाहीत, आणि क-ख किंवा ब-भ असा फरक त्या कानांना सहज कळत नाही. म्हणून नावाआधी क्षणभर थांबा, नाव हळू म्हणा, मग परत थोडं थांबा, आणि मगच आडनाव. "आय ॲम... मृणाल... देशमुख." नाव आणि आडनाव जोडून म्हटलं की कुठे काय संपलं तेच कळत नाही.

स्पेलिंग सांगायची वेळ आली तर बी आणि व्ही, एम आणि एन फोनवर सारखेच ऐकू येतात, तेव्हा "व्ही ॲज इन व्हिक्टर, एन ॲज इन नोव्हेंबर" असं सांगा.

कुणी चुकीचा उच्चार केला तर पहिल्याच भेटीत हसतमुखाने दुरुस्त करा: "इट्स मृणाल, बट दॅट वॉज क्लोज!" पुढे सहा महिने चुकीचं ऐकून घेतलं की मग सांगणं तुम्हालाही अवघड आणि त्यालाही ओशाळवाणं. आणि तुम्हीही त्याच्या नावाबद्दल विचारा, "ॲम आय सेइंग इट राइट?" याने माणूस खरंच खूश होतो.

समोरच्याचं नाव लगेच विसरायला होतं, माझ्यातच काही प्रॉब्लेम आहे का?

नाही, सगळ्यांचं होतं. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांची आडनावं आणि व्यवसाय शिकवले, आणि मजा म्हणजे "बेकर" (पाव-बिस्किटं भाजणारा, आणि इंग्रजीतलं एक आडनावही) हा एकच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला तर जास्त लक्षात राहिला आणि आडनाव म्हणून सांगितला तर कमी. कारण व्यवसाय म्हटलं की डोळ्यांसमोर चित्र येतं, नावाला असं काहीच चिकटलेलं नसतं. म्हणून नाव कळल्या कळल्या एकदा वापरा, "नाइस टू मीट यू, पॉल", आणि त्याने सांगितलेल्या एखाद्या गोष्टीशी ते मनात बांधून ठेवा. तरी विसरलात तर सरळ विचारा: "आय ॲम सो सॉरी, कुड यू टेल मी युअर नेम अगेन?" आणि कृपया "व्हॉट इज युअर गुड नेम?" नको, बाहेरच्या माणसाला त्यातलं "गुड" कळत नाही.

मी काय करतो ते कसं सांगू? "आय डू जॉब" बरोबर आहे का?

"आय डू जॉब" नको. "आय वर्क फॉर अ बँक", "आय वर्क ॲज ॲन अकाउंटंट", "आय ॲम ॲन अकाउंटंट", "आय वर्क इन मार्केटिंग". फॉरच्या पुढे कंपनी, ॲजच्या पुढे पद, इनच्या पुढे क्षेत्र, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते: नुसतं पद सांगून थांबू नका. "आय ॲम अ सीनियर असोसिएट" यावर कुणी काय विचारणार? त्याऐवजी "आय टेस्ट ॲप्स. बेसिकली आय ट्राय टू ब्रेक देम बिफोर यूजर्स डू." असं म्हटलं की समोरच्याला लगेच काहीतरी विचारावंसं वाटतं. आपल्या कामात आपण दिवसभर नेमकं काय करतो ते साध्या क्रियापदात सांगा.

आणि हो, "व्हॉट डू यू डू?" म्हणजे तुम्ही काय काम करता. आत्ता काय करताय असा अर्थ नाही, त्यासाठी "व्हॉट आर यू डूइंग?" असतं.

सध्या नोकरी नाही किंवा मी घर सांभाळते, तेव्हा काय सांगायचं? फार अवघडल्यासारखं होतं.

"जस्ट अ हाउसवाइफ" मधला तो "जस्ट" आधी काढून टाका. "आय ॲम ॲट होम विथ माय किड्स राइट नाउ." "आय ॲम बिटवीन जॉब्स." "आय ॲम टेकिंग सम टाइम ऑफ टू स्टडी." आणि लगेच जे खरंच करताय त्यातलं एक काही: "आय ॲम लर्निंग टू ड्राइव्ह ॲट द मोमेंट." बोलणं मग ड्रायव्हिंगवर जातं आणि अवघडलेपण तिथेच मागे राहतं. कामाबद्दल उत्तर द्यायची सक्ती कुणी केलेली नाही.

आपल्याकडून नेहमी होणाऱ्या चुका कुठल्या?

बऱ्याच आहेत, पण ओळख करून देताना ज्या हमखास येतात त्याच घेते. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" होत नाही, "आय हॅव टू ब्रदर्स". मालकी किंवा नातं सांगताना हॅवला आयएनजी लागत नाही. "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" च्या जागी "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स", कारण किती काळ ते सांगताना फॉर आणि कधीपासून ते सांगताना सिन्स, म्हणजे "सिन्स 2020". "आय पास्ड आउट इन 2018" ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं तुम्हाला चक्कर आली होती, "आय ग्रॅज्युएटेड इन 2018" म्हणा. "आय बिलाँग टू..." करून गावाचं नाव सांगू नका, "आय ॲम फ्रॉम..." म्हणा. "कझिन ब्रदर" नाही, नुसतं "कझिन". "मॅरिड विथ" नाही, "मॅरिड टू".

आणि एक खास मराठी माणसाची चूक: आपण वडिलांबद्दल "ते आले, ते म्हणाले" असं आदराने बोलतो आणि तेच मनात असल्यामुळे इंग्रजीत "माय फादर इज अ टीचर, दे लिव्ह विथ मी" असं निघून जातं, मग समोरच्याला वाटतं अजून कोण कोण राहतं. वडील एकच असतील तर "ही". त्यात अनादर नाही.

पण हे सगळं वाचून बोलताना स्वतःला सारखं तपासत बसू नका. एका वेळी एकच चूक धरा, ती सुटली की पुढची.

ओळख तर होते, पण दोन मिनिटांत विषय संपतो. पुढे काय बोलायचं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि याचं उत्तर विषयांच्या यादीत मिळत नाही, ते समोरच्याच्या शेवटच्या वाक्यात असतं.

हार्वर्डमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असं दिसलं की एकमेकांना पहिल्यांदाच भेटणाऱ्या लोकांमध्ये जे जास्त प्रश्न विचारतात ते समोरच्याला जास्त आवडतात, आणि त्यातही फॉलो-अप प्रश्न, म्हणजे त्याच्याच उत्तरातून निघालेला पुढचा प्रश्न. स्पीड डेटिंगच्या, म्हणजे जोडीदार शोधणाऱ्यांच्या काही मिनिटांच्या पहिल्या भेटींच्या, संवादांतही तेच दिसलं, फॉलो-अप जास्त विचारणाऱ्यांना पुन्हा भेटायचा होकार जास्त मिळाला. मला हे फार दिलासा देणारं वाटतं, कारण याला भारी इंग्रजी लागत नाही, ऐकावं लागतं.

समजा समोरची म्हणाली, "आय वर्क इन अ लायब्ररी." आता आपल्या डोक्यात पाठ केलेली प्रश्नांची यादी असते म्हणून आपण म्हणतो "ओके. डू यू हॅव एनी हॉबीज?" आणि ते बिचारं लायब्ररीचं वाक्य तसंच हवेत विरून जातं. त्याऐवजी:

"ओह, अ लायब्ररी! व्हॉट काइंड?"
"अ चिल्ड्रन्स लायब्ररी."
"नाइस. सो व्हॉट आर किड्स रीडिंग दीज डेज?"

आता ती दहा मिनिटं बोलेल. कुठल्याही उत्तराला चालतील असे काही प्रश्न तोंडात बसवून ठेवा: "हाउ डिड यू गेट इनटू दॅट?" म्हणजे याच्यात कसे आलात, "व्हॉट्स दॅट लाइक?" म्हणजे कसं असतं ते, "व्हॉट डू यू लाइक अबाउट इट?" यातला मधला प्रश्न आपण हमखास "हाउ इज इट लाइक?" असा विचारतो, तो चूक आहे, एकतर "व्हॉट इज इट लाइक?" नाहीतर "हाउ इज इट?"

प्रश्न सुचला नाही तर त्याचेच शेवटचे दोन-तीन शब्द प्रश्नाच्या सुरात परत म्हणा. "आय मूव्हड हिअर फॉर माय सिस्टर." "फॉर युअर सिस्टर?" तो पुढचं सांगतोच. नाहीतर छोटी प्रतिक्रिया, "रिअली?", "डिड यू?", "दॅट साउंड्स टफ", "आय कॅन इमॅजिन".

पण नुसते प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटलात तर चौकशी चालल्यासारखं होतं. दोन प्रश्नांमध्ये स्वतःचं थोडं द्या. "माय डॉटर ओन्ली रीड्स कॉमिक्स. इज दॅट कॉमन?" यात तुमचीही ओळख पुढे सरकली आणि चेंडूही परत गेला.

कुठले प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नयेत?

वय, पगार, लग्न झालंय का, मुलं का नाहीत, धर्म, वजन. आपल्याला ही आपुलकी वाटते पण इंग्रजीत बोलणाऱ्या बऱ्याच लोकांना हे खासगी वाटतं. तो स्वतःहून बोलला तर मग विचारा. "व्हेअर आर यू फ्रॉम?" साधा प्रश्न आहे, पण ज्याचं दिसणं किंवा नाव वेगळं असल्यामुळे लोक हेच सारखं विचारतात त्याला ते टोचू शकतं, तेव्हा "आर यू फ्रॉम अराउंड हिअर?" जास्त बरं.

आणि तुम्हालाच कुणी असं विचारलं तर उत्तर द्यायलाच हवं असं नाही. "आय डोन्ट रिअली टॉक अबाउट दॅट" एवढं शांतपणे म्हणायचं आणि विषय बदलायचा.

सर, मॅडम म्हणायचं की नावाने हाक मारायची? नावाने हाक मारायला जीभच रेटत नाही.

समजू शकते. मराठीत तू, तुम्ही, आपण अशी पायरी असते आणि इंग्रजीत सगळ्यांना "यू", त्यामुळे आदर कुठे ठेवू असं होतं. तो शब्दांच्या रचनेत ठेवायचा. "गिव्ह मी युअर नंबर" आणि "कुड आय हॅव युअर नंबर?" यात जो फरक आहे तोच आपला तू आणि तुम्हीचा फरक आहे. कुड, वुड, मे आय, आणि आवाजातला मऊपणा.

नावापुढे सर लावून "डेव्हिड सर" म्हणणं बाहेर चालत नाही. आडनावाबरोबर पुरुषांना मिस्टर किंवा बायकांना मिझ, जसं "मिझ टेलर". त्यांनी स्वतःची ओळख पहिल्या नावाने करून दिली तर तेच नाव वापरायचं, आणि शंका असेल तर विचारायचं, "व्हॉट शुड आय कॉल यू?"

समोरचा काय बोलला तेच समजलं नाही तर?

हसून "येस येस" करू नका, एवढंच मागणं आहे. पुढचा प्रश्न आला की अडकता आणि त्यालाही कळतं. "सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट." "कुड यू से दॅट अगेन, अ बिट स्लोअर?" सगळ्यात चांगलं म्हणजे जेवढं कळलं तेवढं सांगायचं: "यू मूव्हड हिअर लास्ट... सॉरी, लास्ट व्हॉट?" म्हणजे तो फक्त तेवढंच परत सांगेल. नुसतं "व्हॉट?" मात्र तुसडं वाटतं.

मनात आधी मराठी वाक्य येतं, मग भाषांतर, तोवर वेळ निघून जाते. काय करू?

2009 मध्ये दहा भाषांमधल्या संवादांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एकाने प्रश्न संपवला की दुसऱ्याचं उत्तर यायला सरासरी साधारण 200 मिलिसेकंद लागतात असं दिसलं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. म्हणून आपण दोन सेकंद गप्प राहिलो तरी युगं गेल्यासारखी वाटतात. उपाय असा की तेवढ्यात काहीतरी छोटं म्हणायचं, म्हणजे समोरच्याला कळतं की उत्तर येतंय: "वेल...", "लेट मी थिंक", "हाउ डू आय से धिस...". हे पाच-सहा तुकडे इतके घोटा की विचार न करता यावेत. भाषांतराचं म्हणाल तर ते सुटं सुटं शब्द जुळवण्यामुळे होतं, "आय यूज्ड टू...", "आय ॲम नॉट शुअर, बट...", "इट डिपेंड्स ऑन..." असे अख्खे तुकडे डोक्यात असले की वाक्य तिथून सुरू होतं आणि मराठीतून जावं लागत नाही.

आधीच चार-पाच जण बोलत उभे असतील तर मध्ये कसं शिरायचं?

जवळ जा, थोडा वेळ ऐका, कुणाशी नजरानजर झाली की "डू यू माइंड इफ आय जॉइन यू?" आणि शिरल्या शिरल्या स्वतःची ओळख लांबवू नका, जो विषय चाललाय त्याच्यावरच एखादा प्रश्न विचारा. नाव नंतर सांगता येतं: "आय ॲम नेहा, बाय द वे."

हाच प्रश्न तुम्हाला कुणी विचारला तर उत्तर जपून. "डू यू माइंड?" म्हणजे तुमची हरकत आहे का, त्यामुळे यायला हो म्हणायचं असेल तर "नॉट ॲट ऑल" किंवा "ऑफ कोर्स नॉट". नुसतं "येस" म्हणालात तर हरकत आहे असा अर्थ होतो.

दोन लोकांची एकमेकांशी ओळख कशी करून द्यायची?

"हॅव यू टू मेट?" असं विचारा, मग "सॅम, धिस इज नेहा, शी जस्ट मूव्हड हिअर. नेहा, सॅम रन्स द संडे हाइकिंग ग्रुप." नावाबरोबर एकेक गोष्ट सांगितली की तुम्ही बाजूला झालात तरी त्यांचं बोलणं चालू राहतं.

इंटरव्ह्यूमध्ये "टेल मी अबाउट युअरसेल्फ" ला पण असंच छोटं उत्तर?

तिथे थोडं मोठं, एक-दीड मिनिट. सध्या काय करता, त्याआधीचं या कामाशी जुळणारं काय केलंय, आणि ही नोकरी का हवी. आई-वडील काय करतात, भावंडं किती, हे नको. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांसाठी: स्पीकिंग टेस्ट 11 ते 14 मिनिटांची असते आणि पहिला भाग 4 ते 5 मिनिटांचा, त्यात घर, काम, अभ्यास, आवडी असे ओळखीचे विषय येतात. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला लगेच कळतं, तेव्हा उत्तर दोन-तीन वाक्यांचं आणि खरं ठेवा.

अनोळखी माणसाला पहिला मेसेज कसा लिहू?

नुसतं "हाय" टाकून वाट बघत बसू नका, आणि "हाय डिअर" तर नकोच, अनोळखी माणसाने केलेली सलगी खटकते. तुम्ही कोण, त्याचा संपर्क कुठून मिळाला आणि काय हवंय, तीन वाक्यांत.

माझ्या ॲक्सेंटची लाज वाटते. नंतर रात्रभर वाटत राहतं की मी किती बावळट दिसले असेन.

ॲक्सेंट प्रत्येकाला असतो, तो काढायच्या मागे लागू नका, स्पष्टपणाच्या मागे लागा. मराठीत व एकच आहे आणि इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू वेगळे, व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत, एवढं जमलं तरी बराच फरक पडतो. आणि वेग कमी करा.

रात्रभर वाटत राहतं त्याबद्दल: 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अनोळखी लोकांना गप्पा मारायला बसवून नंतर दोघांनाही विचारलं, तर लोकांना जेवढं वाटलं होतं त्यापेक्षा ते समोरच्याला जास्त आवडले होते. याला "लायकिंग गॅप" म्हणतात. तुम्ही तुमची चुकलेली क्रियापदं मोजत असता तेव्हा तो त्याच्या स्वतःच्या बोलण्याचा विचार करत असतो.

एकटीने सराव कसा करू?

फोनवर स्वतःची ओळख रेकॉर्ड करा, ऐका, परत करा. रोज तीच नको, आज कलीगला, उद्या शेजाऱ्याला, परवा ट्रेनमधल्या माणसाला अशी बदलून. कागदावर लिहून पाठ करू नका, फक्त दोन-तीन शब्द लिहा आणि वाक्य तिथल्या तिथे बनवा.

गप्पा संपवायच्या कशा? "ओके बाय" म्हणून पळून जायला होतं.

"एनीवे..." म्हटलं की समोरच्याला अंदाज येतो. मग "आय शुड गेट गोइंग, बट इट वॉज रिअली नाइस टॉकिंग टू यू." त्याने सांगितलेलं एखादं काही आठवून म्हटलं तर उत्तमच, "गुड लक विथ द न्यू हाउस!"

दुसऱ्यांदा भेटल्यावर काय? तो मला विसरला असेल तर?

तुम्हीच नाव परत सांगून त्याला वाचवा: "हाय, नेहा, वी मेट ॲट द वर्कशॉप." "डू यू रिमेंबर मी?" विचारून त्याला अडचणीत आणू नका. आणि घाई करू नका. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र जावे लागतात आणि जवळची मैत्री व्हायला 200 तासांहून जास्त. पहिल्या भेटीवर एवढा भार टाकायची गरजच नाही.

नंबर मागायचा कसा?

"इट वुड बी नाइस टू कीप इन टच. कॅन आय ॲड यू ऑन व्हॉट्सॲप?" तो जरा घुटमळला तर "नो वरीज" म्हणून सोडून द्या. दिला तर दुसऱ्या दिवशी एक मेसेज, बोलण्यात आलेल्याच एखाद्या गोष्टीवर: "हाय पॉल, नेहा फ्रॉम यस्टर्डे. हाउ डिड युअर प्रेझेंटेशन गो?"